आईचं घड्याळ मंगळावर

आईच्या मनगटावर घड्याळं दोन.
एक आपलं, साधं, शाळेच्या घंटेचं.
दुसरं मंगळाचं. ते रोज रेंगाळतं,
चाळीस मिनिटं, त्यातही काही सेकंद कमी.

तिथला दिवस आपल्यापेक्षा तेवढाच लांब.
"एवढंसंच ना!" मी म्हणाले होते.
पण आज चाळीस, उद्या ऐंशी,
परवा दोन तास,
आणि महिना सरत आला तेव्हा
आमची आई मध्यरात्री न्याहारी करत होती
आणि बाबा जांभया देत अंडी तळत होते.

आईनं दिवसा झोपावं म्हणून
बाबांनी खिडक्यांना चंदेरी कागद चिकटवला,
लवाश गुंडाळायचा.
समोरच्या डेलगाडोबाई विचारतात,
"नायरी, घरात काय भाजताय गं?"
मी सांगते, "आई."

आईची एक गाडी आहे मंगळावर.
सगळे तिला रोव्हर म्हणतात, मी म्हणते क्रिया.
आमच्या आर्मेनियन बोलीत क्रिया म्हणजे कासव.
सहा चाकं, एक लांब हात,
उंच मानेवर डोळे टकामका,
आणि चाल अशी, की आमचा आरेन
अजून रांगतो, तरी शर्यत जिंकेल.

ओटिसला वाटतं, आई ती चालवते
खेळातल्या गाडीसारखी, बटणं दाबून.
नाही रे बाबा!
सध्या मंगळ गेलाय लांब.
आईची हाक निघते, धावते, धावते,
प्रकाशाच्या वेगानं धावते,
तरी वीस मिनिटांनी पोचते.
"ओ" यायला आणखी वीस.
समोर खड्डा दिसला, आई ओरडली "थांब!"
तोवर कासव पालथं.

म्हणून तिथं उजाडायच्या आत
आई अख्ख्या दिवसाची चिठ्ठी धाडते:
तीन मीटर पुढे जा. थांब.
डावीकडचा चपटा दगड बघ.
फोटो काढ. वाटेत धोंडा दिसला
तर तुझं तू ठरव.
ऊन उतरलं की झोप, बाहेर फार गारठा असतो.
माझ्या डब्यावरच्या चिठ्ठीसारखीच, हुबेहूब,
फक्त "भाजी संपव" तेवढं नाही.

मग एका मंगळवारी
(हो, नेमकं मंगळवारीच!)
क्रियाचं मागचं चाक वाळूत रुतलं.
गरगर फिरलं, आणखी खोल गेलं.
आई घरी आली ती न बोलता.
बूट घालूनच झोपली.

शनिवारी तिनं मला नेलं कामावर,
पासाडेनाच्या डोंगराखाली, मोठ्या वाळूच्या अंगणात.
तिथं उभी होती क्रियाची जुळी बहीण!
ती मंगळावर कधीच जाणार नाही.
तिचं काम एकच: तिकडे बहीण अडकली
की इकडे आपणही अडकून बघायचं.

पृथ्वी जास्त जोरानं खाली ओढते,
म्हणून जुळीच्या अंगावरचं जड सामान
काढून ठेवलं होतं.
सहा मोठी माणसं पोटावर पालथी,
एकाच चाकाकडे टक लावून.
टोमाशकाका म्हणाले, "अर्धा वळसा, मागे."
रुतलं.
"आता तिरकं."
रुतलं.
मला मिळाला खराटा.
रुतलं की वाळू सारखी करायची, पुन्हा पहिल्यासारखी.
सत्तावीस वेळा केली.
अठ्ठाविसाव्यांदा चाक हललं, दोन बोटं.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
आईनं वहीत लिहून घेतलं फक्त.

आणि अकरा दिवसांनी, पहाटे तीनला,
आईनं मला हलवून उठवलं.
मांडीवर फोटो: वाळूत वाकडी रेघ,
मागे खोल खळगा, रिकामा!
आणि वर मावळता सूर्य, लहानसा,
त्याच्या भोवती आभाळ निळं.
आपल्याकडे संध्याकाळ लाल, दिवस निळा.
तिकडे धुळीनं सगळं उलटं केलंय.

आम्ही स्वयंपाकघरात थंड लवाश खाल्ला, चीज लावून.
आई म्हणाली, "शुभ सकाळ."
मी म्हणाले, "शुभ रात्री."
दोघींचंही बरोबर होतं.

पुढच्या आठवड्यात आईची सकाळ
पूर्ण फेरी मारून आमच्या सकाळीत आली.
चौघं एका टेबलाशी बसलो. आरेननं दूध सांडलं.
दुसऱ्या दिवशी ती आली
चाळीस मिनिटं उशिरा.